‘नाच रे मोरा’चे चौथे कर्ते



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या बाईंचं सगळं आयुष्य बालवाडीत गेलं. त्यांच्या नावाने बोलायचं ठरल्यावर मी विषय शोधत बसलो नाही. बालवाडीतली सगळ्यांच्या ओळखीची गोष्ट घ्यायची ठरवली, ती म्हणजे ‘नाच रे मोरा’ हे गाणं. सत्तर वर्षं उलटून गेली तरी ते चार वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी आवडतं. हे कसं होतं, याचा नीट विचार आपण फारसा केलेला नाही. लोकप्रिय गोष्टींबद्दल आपण असे थोडे निष्काळजी असतो. त्या आहेतच, असं धरून चालतो.

हे चित्रपटगीत आहे, याची आधी आठवण करून देतो. ‘देवबाप्पा’ हा चित्रपट १९५३ सालचा. दिग्दर्शक राम गबाले, गीत ग. दि. माडगूळकरांचं, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, आवाज आशा भोसल्यांचा. ते वर्ष मराठी चित्रपटाला फार चांगलं गेलं. आचार्य अत्र्यांची ‘श्यामची आई’ त्याच वर्षी आली आणि पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत तिने राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलं. पुलंचा ‘गुळाचा गणपती’ही १९५३ चाच. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी एका रांगेत बसून पाहावेत असे चित्रपट तेव्हा निघत होते, आणि त्या एका वर्षाने आपल्याला ‘छडी लागे छम छम’, ‘इंद्रायणी काठी’ आणि ‘नाच रे मोरा’ अशी तीन गाणी दिली. यातली शेवटची दोन एकाच जोडीची आहेत. इंद्रायणीच्या काठावरची समाधी आणि आमराईतला मोर हे एकाच वर्षी माडगूळकरांच्या लेखणीतून आणि पुलंच्या पेटीतून आले. मला याचं फार अप्रूप वाटतं. ‘इंद्रायणी काठी’त भीमसेन जोशींच्या गळ्यासाठी चाल बांधणाऱ्या माणसाने तेवढ्याच गंभीरपणे पाच वर्षांच्या मुलासाठी चाल बांधली.

‘श्यामची आई’ आजही लोक पाहतात, साने गुरुजींचं पुस्तक वाचतात, आणि ‘छडी लागे छम छम’ त्या आधाराने पुढे येतं. ‘देवबाप्पा’चं तसं झालं नाही. या सभागृहात हे गाणं येत नाही असं कुणी नसेल, पण चित्रपट पाहिलेले फार थोडे असतील. गाण्याचं बोट चित्रपटाने केव्हाच सोडलं आणि गाणं एकटं चालत राहिलं. याची आणखी स्पष्ट उदाहरणं माडगूळकरांच्याच गीतांत आहेत. ‘गोरी गोरी पान’ आणि ‘एका तळ्यात होती’ ही श्रीनिवास खळ्यांनी स्वरबद्ध केलेली आणि आशाबाईंनीच गायलेली गीतं चित्रपटासाठी तयार झाली, पण चित्रपटात न येता ध्वनिमुद्रिकेवरून घराघरांत गेली. ज्या गाण्याला उभं राहायला कथेची, प्रसंगाची, नटाची गरज लागत नाही, ते कथा विसरली गेल्यावरही टिकतं.

टिकण्याची एक सोपी कारणमीमांसा नेहमी ऐकू येते. मोठी नावं होती, म्हणून गाणं मोठं झालं, असं लोक म्हणतात. तारखा पाहिल्या तर हे पटत नाही. माडगूळकर आणि देशपांडे दोघेही १९१९ मध्ये जन्मले. गाणं झालं तेव्हा ते तेहतीस-चौतिशीचे होते. ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून सुरू झालं १९५५ मध्ये. ‘तुझे आहे तुजपाशी’ आलं १९५७ मध्ये आणि ‘बटाट्याची चाळ’ त्यानंतर. आशा भोसले विशीच्या उंबरठ्यावर होत्या. ज्या ‘नया दौर’ने त्यांना हिंदीत पहिल्या रांगेत नेलं तो चित्रपट यायला अजून चार वर्षं होती. तिघांचीही थोर म्हणून ओळख पुढे झाली. शिवाय याच तिघांनी त्या काळात केलेली कितीतरी चित्रगीतं आज कुणाच्या तोंडी नाहीत. माडगूळकरांनी दीडशेच्या आसपास मराठी चित्रपटांसाठी लिहिलं. त्यांतली सगळी गीतं नावाच्या बळावर तरलेली नाहीत.

दुसरं कारण सांगतात ते स्मरणरंजनाचं. आपण लहानपणी म्हटलं म्हणून आपल्याला गोड लागतं, हे खरंच आहे. पण चार वर्षांच्या मुलाला कसलं आलंय स्मरणरंजन? त्याचं सगळं आयुष्य समोर आहे. त्याला हे गाणं आज, आत्ता आवडतं. तेव्हा कारण गाण्यात शोधलं पाहिजे, आणि गाणं ज्यांच्या हातांतून गेलं त्या माणसांत शोधलं पाहिजे.

आधी गाणं पाहू. चार कडवी आहेत. पहिल्यात आभाळ भरून येतं: ढगांची आणि वाऱ्याची झटापट, पिंजारी बसल्यासारखे काळ्या कापसाचे ढीग, आणि विजेची साथ. दुसऱ्यात सर येते आणि झाडं भिजतात. तिसऱ्यात पाऊस जमिनीवर पोचलेला आहे. तळ्यात थेंब उड्या मारताहेत, पानांवर आवाज होतोय. चौथ्यात पाऊस उघडतो आणि इंद्रधनुष्य निघतं. म्हणजे हे एका सरीचं, सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं, क्रमवार वर्णन आहे. खिडकीत उभं राहिलेलं मूल जे बघतं ते, ज्या क्रमाने बघतं त्या क्रमाने. ‘काळे ढग आले की पाऊस पडतो’ असं कवी कुठेच सांगत नाही. तो फक्त एकापाठोपाठ एक दाखवत जातो, आणि मुलाला कार्यकारणभाव आपोआप कळतो.

या क्रमाच्या पोटात आणखी एक क्रम आहे, तो मला फार उशिरा दिसला. गाण्यात बोलणारं मूल आणि मोर यांचं नातं कडव्यागणिक बदलत जातं. पहिल्या कडव्यात मूल बाहेर उभं राहून मोराला सांगतंय की आता तुझी वेळ, तू नाच. मूल स्वतः त्यात नाही. दुसऱ्या कडव्यात क्रियापदं बदलतात: दोघांनी मिळून भिजायचं, दोघांनी मिळून गायचं. तिसऱ्यात उघड दोघांचा खेळ सुरू झालेला असतो आणि मोराला मित्र म्हणून हाक मारली जाते. चौथ्यात पाऊस थांबेपर्यंत त्यांची जोडी जमलेली असते. आज्ञेपासून सुरू झालेलं गाणं सोबतीपर्यंत येतं. ध्रुवपद मात्र तेच राहतं. ‘नाच’ हा शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा तो हुकूम असतो, आणि चौथ्यांदा येतो तेव्हा ते खेळगड्याचं आर्जव असतं. एवढं बारीक काम मुलांच्या गाण्यात करून ठेवायचं आणि त्याचा गवगवा करायचा नाही, ही माडगूळकरांची ताकद.

उपदेश तर कुठेच नाही. लहान मुलांसाठी लिहायला बसलं की मोठ्यांच्या हातून नकळत सुविचार उतरतात. मोर असला की त्याच्यासारखे देखणे व्हा, पाऊस असला की झाडे लावा. इथे मोराकडून काहीही शिकायचं नाही. त्याच्याबरोबर भिजायचं आहे. मुलांना हा फरक लगेच कळतो. पुलंच्या ‘वयं मोठं खोटम्’सारख्या बालनाट्यांतही हाच मोकळेपणा आहे; मुलांशी बोलताना ते खाली वाकून बोलत नाहीत.

आणि हा पाऊस लिहिला कुणी? माडगूळकर माणदेशातले. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, आटपाडीच्या बाजूचा तो सगळा पर्जन्यछायेतला मुलूख. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश यांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये आणि ‘बनगरवाडी’मध्ये त्या कोरड्या रानाचं दर्शन आपल्याला झालेलं आहे. ढग दिसतात आणि निघून जातात, हा तिथला नित्याचा अनुभव. तिथे वाढलेल्या माणसाच्या मनात भरून आलेल्या आभाळाला किती किंमत असेल, याची कल्पना कोकणातल्या माणसाला येणार नाही. पुढे कोल्हापुरात आणि पुण्यात राहताना त्यांनी पश्चिमेकडचा भरघोस पाऊस पाहिला, आणि गाण्यातली झाडं इरली पांघरून उभी आहेत ती त्या पश्चिमेची. इरलं कोकणात आणि मावळात, भाताच्या लावणीत. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं ते छप्पर डोक्यावरून पाठीवर येतं, दोन्ही हात चिखलात मोकळे राहतात. माणदेशात पाऊस आलाच तर घोंगडी. मला असं वाटतं की या गाण्यातला पाऊस इतका टवटवीत आहे, याचं कारण तो पावसाची आस लागलेल्या मुलखातल्या माणसाने लिहिलेला आहे. याला पुरावा देता येणार नाही, पण मी हे मनापासून मानतो.

चालीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिची थोरवी ती कुणालाही म्हणता येते यातच आहे. पुलंनी बोलीतले आघात होते तिथेच ठेवले. ओळ नुसती मोठ्याने वाचली तरी जवळजवळ चाल लागते. झरझर, टपटप, रिमझिम हे शब्द स्वतःच ताल धरून येतात, आणि संगीतकाराने त्यांच्यावर आपलं काही लादलं नाही. पेटी, तबला, काही नसलं तरी चालतं, टाळी पुरते. आशाबाईंनी मुलीचा आवाज काढण्यासाठी आवाज बारीक करून लाडीकपणा आणला नाही. त्या हसऱ्या, स्वच्छ आवाजात गायल्या. त्यांचं पहिलं चित्रपटगीत १९४३ सालच्या ‘माझं बाळ’मधलं, तेव्हा त्या स्वतः दहा वर्षांच्या होत्या. बालगीत म्हणजे काय ते त्यांना आतून ठाऊक होतं.

गीतकार, संगीतकार, गायिका हे तीन कर्ते सगळ्यांना माहीत आहेत. या गाण्याचा चौथा कर्ताही आहे, आणि त्याचं नाव कुठल्याच ध्वनिमुद्रिकेवर नाही. आज मी त्याच्याबद्दल बोलायला आलो आहे.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा. मुलं हे गाणं सुरू करतात तेव्हा काय करतात? दोन्ही हात मागे नेऊन बोटं पसरतात, तो पिसारा. हात डोक्यावर गोल फिरवतात, ते ढग. एक टाळी, ती वीज. बोटं वरून खाली नाचवत आणतात, तो पाऊस. शेवटी दोन हातांची कमान. सावंतवाडीला, चंद्रपूरला, बेळगावला, इंदूरच्या मराठी घरातही थोड्याफार फरकाने हेच. हा नाच बसवला कुणी? चित्रपट न पाहिलेल्या बायकांनी. बालवाडीच्या बाईंनी, अंगणवाडीच्या ताईंनी, मोठ्या बहिणींनी, मावश्यांनी. प्रत्येकीने आधीच्या बाईंकडून घेतला, आपल्याकडचं थोडं घातलं आणि पुढे दिला. लोकनृत्य जसं घडतं तसाच हा घडला; फरक एवढाच की ज्या गाण्यावर तो उभा आहे त्याची तारीख आपल्याला माहीत आहे.

जमीन तयार होती म्हणून हे झालं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नसतील तर शाळा अंगणात न्यायची, गुरं चारणाऱ्या मुलांसाठी ती कुरणात न्यायची, आणि खडूफळ्याआधी गाणं, माती, पानं, बिया हाती द्यायच्या, असा तो विचार होता. बालवाडीला हालचालीची गाणी हवी होती. मूल एका जागी बसून ऐकत नाही, ते अंगाने ऐकतं, हे या बायकांनी ओळखलं होतं. अशा वेळी चित्रपटातून एक गाणं आलं, ज्याचं ध्रुवपदच शरीराला उठवणारं होतं. त्यांनी ते उचललं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आली. आज राज्यात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. आकाशवाणीने हे गाणं ऐकवलं, कॅसेट कंपन्यांनी विकलं, सगळं खरं. पण रेडिओ बंद झाल्यावरही ते सुरू ठेवलं ते या बायकांनी. तुटपुंज्या मानधनावर, पोषण आहाराच्या नोंदी आणि वजनाचे तक्ते भरता भरता, वीस-पंचवीस मुलांना एकदम उभं करून त्यांनी ही चार कडवी पिढ्यान्‌पिढ्या पोचवली. मराठी संगीताच्या इतिहासात त्यांना अर्ध्या ओळीचीही जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.

स्नेहसंमेलन हा त्यांच्या कामाचा दिवस. स्नेहसंमेलनं भरतात डिसेंबर-जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आणि रंगमंचावर पाऊस कोसळत असतो. खऱ्या मोराची लांब पिसं पावसाळा सरता सरता गळून जातात आणि नवी यायला उन्हाळ्याची चाहूल लागावी लागते. शिरूर तालुक्यातल्या मोराच्या चिंचोलीला स्नेहसंमेलनांच्या दिवसांत गेलात तर बरेच मोर बिनपिसाऱ्याचे दिसतील. त्याच दिवसांत आपल्या गावोगावच्या मंचांवर पुठ्ठ्याचे, सॅटिनचे, भाड्याने आणलेल्या वेशातले पिसारे फुललेले असतात. मोर एकच होतो. बाकीची मुलं झाडं होतात, ढग होतात, थेंब होतात. मोर न झालेल्या मुलाचं मन राखण्यासाठी बाई त्याला वीज करतात, टाळी वाजवायचा मान देतात. हे सगळे निर्णय असतात, आणि ती कला असते. मोर १९६३ मध्ये राष्ट्रीय पक्षी झाला. आपल्या मुलांनी त्याला दहा वर्षं आधीच आपला करून टाकलं होतं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही हे गाणं शिकवतात, कारण भाषा नीट न येणाऱ्या मुलालाही हाताने ते म्हणता येतं.

आता काळजीची गोष्ट. आज बहुतेक मुलांना हे गाणं पहिल्यांदा भेटतं ते मोबाइलवर, रंगीत चित्रफितीत. तिथे मोर छान नाचतो, पाऊस पडतो, इंद्रधनुष्य निघतं, मागे यांत्रिक ठेका वाजत असतो. मूल पापणी न हलवता बघत राहतं. गाण्याने दिलेली आज्ञा पडद्यावरच्या मोराने पाळून टाकलेली असते. मुलाला करायला काही उरत नाही. ज्या गाण्याचा सगळा प्रवास मुलाला बाहेरून आत आणण्याचा आहे, तेच गाणं मुलाला बाहेर बसवून ठेवतं. लाखो वेळा पाहिलं गेलं म्हणून गाणं जिवंत आहे, हे मला मान्य नाही. पाहणाऱ्यांची संख्या वाढत असताना नाचणाऱ्यांची कमी होत असेल, तर ते गाणं आपण गमावत आहोत. आईवडिलांना माझी विनंती आहे: फोन बाजूला ठेवा आणि स्वतः म्हणा. सूर चुकला तरी चालेल. ही चाल त्यासाठीच बांधलेली आहे.

शिक्षकांकडे एक मागणी आहे, आणि या बाईंच्या व्यासपीठावरून ती करायला मला संकोच वाटत नाही. स्नेहसंमेलनात वेळ कमी असतो म्हणून हल्ली पहिलं आणि शेवटचं कडवं ठेवून मधली दोन कापतात. दुसऱ्या कडव्यात इरलं येतं, ते मुलांना कळत नाही, असंही कारण देतात. कळत नसेल तर दाखवा. कामट्या आणि पळसाची पानं मिळाली नाहीत तर गोणपाटाची खोळ करून डोक्यावर घ्या; एका दुपारचं काम आहे, आणि मुलांना ते गाण्याइतकंच आवडेल. कापूस पिंजून दाखवायला गादीतला मूठभर कापूस पुरतो. पण कडवी कापू नका. मोर आणि मूल यांची मैत्री त्या मधल्या दोन कडव्यांत होते. दोघं भिजतात तिथे, गातात तिथे, खेळतात तिथे. ती काढून टाकली तर शेवटच्या कडव्यातली जोडी कुठून आली, हे मुलाला कळणार नाही. चारही कडवी म्हणायला फार वेळ लागत नाही. पाहुण्यांची भाषणं तेवढी कमी करता येतील.